इथेनॉल : रेणू एक, दावेदार दोन

मळीपासून काढलेला मद्यार्क साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत तयार होतो, तेव्हा त्याच्यापुढे तीन वाटा असतात. अधिक शुद्ध केला तर त्याची दारू होते. पिण्यास अयोग्य केला तर तो रसायन उद्योगाकडे जातो. आणि त्यातील उरलेले पाणी काढून टाकले तर तो पेट्रोलमध्ये मिसळता येतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तिन्ही ठिकाणी रेणू एकच आहे. सत्तेच्या दृष्टीने मात्र पहिल्या वाटेवर लखनौचे सरकार उभे आहे, तिसऱ्या वाटेवर दिल्लीचे, आणि मधली वाट कोणाची हे ठरविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला नऊ न्यायमूर्तींचे घटनापीठ बसवावे लागले.

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण देशभर लागू झाल्यानंतर २०२५ च्या पावसाळ्यात जो गदारोळ उठला, तो प्रामुख्याने मोटारमालकांचा होता. गाडीचे अ‍ॅव्हरेज घटले, रबरी भाग खराब होणार, विमा कंपनी हात वर करणार, अशा तक्रारींनी वृत्तपत्रांचे रकाने भरले. दिल्लीत व मुंबईत हा प्रश्न ग्राहकाचा ठरला. देशातील सर्वाधिक ऊस पिकविणाऱ्या राज्याच्या राजधानीतून पाहिले म्हणजे त्याचा दुसरा पदर दिसू लागतो. इथेनॉलचे गुणधर्म प्रयोगशाळेत केव्हाच निश्चित झाले आहेत. त्या गुणधर्मांचा खर्च कोणी सोसायचा आणि लाभ कोणी घ्यायचा, हे मात्र आजही निश्चित नाही.

ही कथा वाटते तेवढी नवी नाही. उत्तर प्रदेश हे नाव अस्तित्वात येण्यापूर्वी, म्हणजे संयुक्त प्रांत असतानाच, १९४० मध्ये येथे पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला. तिसाव्या दशकात आयात साखरेवर संरक्षक जकात बसली, गंगा-यमुनेच्या खोऱ्यात साखर कारखान्यांची रांग उभी राहिली आणि त्यांच्या आवारात मळीचे डबके साचू लागले. या मळीचे करायचे काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणून मोटारींचे इंधन पुढे आले. महायुद्धातील पेट्रोलटंचाईने त्या उत्तराला बळ मिळाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये केंद्राने भारतीय पॉवर अल्कोहोल कायदा करून पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची सक्ती करण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, मद्यार्काला रसायन उद्योगात व त्याहून अधिक दारूच्या धंद्यात बरा भाव मिळू लागला, आणि हा कायदा कपाटात पडून राहिला. कालबाह्य कायद्यांच्या साफसफाईत २००० मध्ये तो रद्द करण्यात आला. गंमत अशी की, त्यानंतर वर्षभरातच केंद्र सरकारने तोच उद्योग नव्याने आरंभला.

त्या आरंभाशी एका मराठी नेत्याचे नाव निगडित आहे. अटलबिहारी वाजपेयी हे लखनौचे खासदार व देशाचे पंतप्रधान असताना पेट्रोलियम खाते राम नाईक यांच्याकडे होते. २००१ मध्ये इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे तीन प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. त्यांपैकी दोन महाराष्ट्रात होते, मिरज आणि मनमाड येथे; तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीच्या परिसरात. मिरज हे नाईकांच्या मूळच्या सांगली जिल्ह्यातले. साखरेच्या दोन मोठ्या राज्यांतच प्रयोग व्हावा, यामागे राजकीय व्यवहार होता तसाच तांत्रिक विचारही होता, कारण इथेनॉल लांबवर वाहून नेणे खर्चाचे असते. १ जानेवारी २००३ पासून नऊ राज्ये व चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रण लागू झाले. त्यानंतर दुष्काळाने उसाचे उत्पादन घसरले, मळी महागली आणि २००४ च्या अखेरीस ही सक्ती 'उपलब्ध असेल तर' या सवलतीत विरघळली. त्याच वर्षी नाईक उत्तर मुंबईतून पराभूत झाले होते. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, ते राज्यपाल म्हणून लखनौच्या राजभवनात आले आणि २०१९ पर्यंत तेथे राहिले. संयुक्त प्रांताचे उत्तर प्रदेश झाले तो २४ जानेवारी हा दिवस या राज्याने साजरा करावा, हा त्यांचाच आग्रह. २०१८ पासून तो साजरा होतो. त्यांच्या पेट्रोल खात्यातील या धोरणाची मात्र त्या समारंभांत फारशी आठवण निघत नाही.

आता गुणधर्मांकडे वळले पाहिजे, कारण पुढचे सारे राजकारण त्यांतूनच उगवले आहे.

एक लिटर पेट्रोल जाळले म्हणजे सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते. एक लिटर इथेनॉलपासून सुमारे २१. म्हणजे साधारण दोनतृतीयांश. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असल्यामुळे त्याचे ज्वलन स्वच्छ होते, कार्बन मोनॉक्साइड कमी निघतो. पण त्याच कारणाने त्यात जाळण्याजोगा ऐवजही कमी असतो. दहा टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये सुमारे ३०.९ आणि वीस टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये सुमारे २९.८ मेगाज्यूल, असा हा साधा गुणाकार आहे. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत वीस टक्के मिश्रणात जवळजवळ सात टक्के ऊर्जा कमी पडते. २०२१ मध्ये नीती आयोगाने जो मार्गदर्शक आराखडा प्रसिद्ध केला, त्यातही हेच मान्य केलेले होते : शुद्ध पेट्रोलसाठी बनविलेल्या व दहा टक्क्यांशी जुळवून घेतलेल्या चारचाकींत सहा ते सात टक्के, तशाच दुचाकींत तीन ते चार टक्के, आणि दहा टक्क्यांसाठी बनवून वीस टक्क्यांशी जुळवून घेतलेल्या चारचाकींत एक ते दोन टक्के घट. तेव्हा अ‍ॅव्हरेज घटते ही अफवा असल्याचे जे सांगितले गेले, त्याला सरकारच्याच कागदाचा आधार नाही.

दुसरा गुण इथेनॉलच्या बाजूचा आहे. त्याचा ऑक्टेन अंक सुमारे १०८ आहे. वीस टक्के मिश्रणाचा अंक ९५ पर्यंत जातो, तर साध्या पेट्रोलसाठी ९१ हा अंक विहित आहे. ऑक्टेन अधिक म्हणजे इंजिनात मिश्रण अधिक दाबता येते, आणि दाब वाढला की त्याच उष्णतेतून अधिक काम काढता येते. सात टक्क्यांची तूट अशा रीतीने बऱ्याच अंशी भरून निघू शकते. पण केवळ त्यासाठी घडविलेल्या इंजिनात. लखनौच्या रस्त्यांवर धावणाऱ्या दहा वर्षे जुन्या स्कूटरला या ऑक्टेनचा काही उपयोग नाही. तिला तोटा पुरता मिळतो आणि फायदा मिळत नाही. वीस टक्के मिश्रण सोसणारे सुटे भाग नव्या गाड्यांत बसविण्याचा टप्पा १ एप्रिल २०२३ चा होता, आणि मिश्रणासाठी जुळविलेल्या इंजिनांचा एप्रिल २०२५ चा. त्यापूर्वीच्या कोट्यवधी गाड्यांचे काय, या प्रश्नाला आराखड्यात उत्तर होते : जुन्या गाड्यांसाठी दहा टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपावर उपलब्ध ठेवावे. प्रत्यक्षात ते ठेवले गेले नाही.

तिसरा गुण पाण्याविषयीचा. इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. ऊर्ध्वपातन कितीही वेळा केले तरी सुमारे साडेपंचाण्णव टक्क्यांपुढे शुद्धता जात नाही. त्या बिंदूला पाणी व मद्यार्क एकत्रच उकळतात. उरलेले पाणी काढण्यासाठी जिओलाइटच्या सूक्ष्म छिद्रांच्या चाळणीतून वाफ सोडावी लागते. त्यामुळे इंधनाचे इथेनॉल साध्या स्पिरिटहून महाग पडते. पेट्रोलमध्ये मिसळल्यावरही ही ओढ सुटत नाही. पंपाच्या जमिनीखालील टाकीत पावसाळ्यात मर्यादेपलीकडे पाणी शिरले की, इथेनॉल पेट्रोलची संगत सोडून पाण्याबरोबर तळाशी जाते आणि वर हलक्या प्रतीचे पेट्रोल उरते. पाच टक्के मिश्रणाच्या काळापासून तेल कंपन्यांना हे ठाऊक आहे. मिश्रण वाढले म्हणून धोका त्याच प्रमाणात वाढतो असे मात्र नाही. इथेनॉल अधिक असले तर ते थोडे अधिक पाणी सामावूनही घेते. टाक्या कोरड्या राखणे हा येथे खरा उपाय आहे, आणि तो गाडीमालकाच्या हातात नाही.

रबराविषयी एक विषयांतर क्षम्य ठरावे. जुन्या गाड्यांतील काही रबरी नळ्या व वॉशर इथेनॉलने फुगतात किंवा ठिसूळ होतात, ही तक्रार शास्त्राला धरून आहे. पण ज्या बरेलीत इथेनॉलचा पहिला प्रयोग झाला, त्याच बरेलीत साठच्या दशकात सिंथेटिक्स अँड केमिकल्स या कंपनीने मद्यार्कापासून कृत्रिम रबर तयार करण्याचा कारखाना काढला होता. मळीपासून मद्यार्क, मद्यार्कापासून रबर. उत्तर प्रदेश सरकारने त्या मद्यार्कावर शुल्क आकारले आणि कंपनी न्यायालयात गेली. १९८९ मध्ये सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की, राज्याचा अधिकार पिण्याच्या मद्यापुरता आहे; औद्योगिक मद्यार्क केंद्राचा. लखनौच्या तिजोरीला बसलेला तो मोठा धक्का होता आणि राज्याने तो कधीही मनापासून स्वीकारला नाही. १९९९ मध्ये राज्याने १९१० च्या अबकारी कायद्याखाली अधिसूचना काढून घाऊक विक्रीवर पंधरा टक्के परवाना शुल्क बसविले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २००४ मध्ये ते रद्द केले. राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे हे प्रकरण २०१० मध्ये नऊ न्यायमूर्तींकडे सोपविण्यात आले आणि अखेर २३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या नेतृत्वाखालील पीठाने आठ विरुद्ध एक मताने १९८९ चा निकाल उलटविला. राज्यघटनेच्या राज्यसूचीतील 'मादक मद्य' या शब्दांत, मद्य म्हणून गैरवापर होऊ शकेल असा औद्योगिक मद्यार्कही येतो, असे बहुमताने ठरविले. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी एकटीने विरोधी मत नोंदविले.

हा निकाल पेट्रोलच्या टाकीपर्यंत कसा पोहोचतो, हे नीट पाहिले पाहिजे. २०१६ मध्ये संसदेने १९५१ च्या उद्योग कायद्यात दुरुस्ती करून पिण्याचा मद्यार्क वगळता बाकी सारा मद्यार्क उद्योग केंद्राच्या नियंत्रणाखाली असल्याचे स्पष्ट केले होते. इथेनॉलची वाहतूक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विनाअडथळा व्हावी, हा त्यामागचा हेतू. २०२४ च्या निकालाने राज्यांच्या हाती पुन्हा बळ आले. २०२५ मध्ये पंजाब, हरियाणा व हिमाचल प्रदेश या राज्यांनी इथेनॉलवर निरनिराळी शुल्के बसविली तेव्हा केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाला त्यांना पत्रे लिहून हरकत घ्यावी लागली. यातील हिमाचलात काँग्रेसचे, पंजाबात आम आदमी पक्षाचे व हरियाणात भाजपचे सरकार आहे, ही नोंद महत्त्वाची. अबकारी महसुलाच्या प्रश्नावर पक्षाचे रंग फिके पडतात.

उत्तर प्रदेशाची भूमिका अधिक गुंतागुंतीची आहे. येथे अबकारी खात्याचे वार्षिक उत्पन्न पन्नास हजार कोटींच्या पुढे गेले आहे. १९६४ च्या मळी नियंत्रण कायद्याने कोणत्या कारखान्याने किती मळी देशी दारूसाठी राखून ठेवायची, हे राज्य सरकार ठरविते. ती राखीव मळी इंधनाला मिळत नाही. दुसरीकडे सुमारे १२० साखर कारखाने व चाळीस लाखांहून अधिक ऊस उत्पादक कुटुंबे या राज्यात आहेत, आणि उसाची थकबाकी हा विषय येथे निवडणुका फिरवू शकतो. महाराष्ट्रात केंद्राने ठरविलेला रास्त व किफायतशीर भाव, म्हणजे एफआरपी, हाच आधार असतो. तो २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. उत्तर प्रदेश त्याच्या वर स्वतःचा परामर्श भाव जाहीर करते. ऑक्टोबर २०२५ मध्ये लवकर पक्व होणाऱ्या जातींसाठी तो ४०० रुपये करण्यात आला. हा वाढीव भाव साखरेच्या विक्रीतून निघणे कठीण असते. तो निघतो, किंवा निघावा अशी अपेक्षा असते, इथेनॉलमधून. कारण तेल कंपन्या ठरलेल्या दराने घेतात आणि पैसे लवकर देतात. थोडक्यात, लखनौ भाव जाहीर करते आणि त्याची सोय दिल्लीच्या खरेदी दरातून होईल असे गृहीत धरते.

त्या गृहीतकाला ७ डिसेंबर २०२३ रोजी तडा गेला. साखरेचे भाव वाढतील या भीतीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास अकस्मात बंदी घातली. आठवडाभरात ती सैल करून सतरा लाख टन साखरेची मर्यादा घातली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठविली. व्याज सवलतीची कर्जे काढून डिस्टिलऱ्या उभारलेल्या महाराष्ट्रातील सहकारी कारखान्यांना ही अनिश्चितता फार जाचक ठरली. त्या काळात मक्याने पुढे मुसंडी मारली. इथेनॉलचा दर कच्च्या मालानुसार ठरतो : २०२४-२५ मध्ये सी प्रकारच्या मळीपासूनच्या लिटरला ५७.९७, बी प्रकारच्या जड मळीपासूनच्या ६०.७३, रसापासूनच्या ६५.६१ आणि मक्यापासूनच्या लिटरला ७१.८६ रुपये. रेणू एकच, तरी मक्याच्या लिटरला मळीच्या लिटरपेक्षा जवळजवळ चौदा रुपये अधिक. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी सुमारे १,०४८ कोटी लिटरचे वाटप केले, त्यात उसाचा वाटा तीस टक्क्यांहूनही कमी भरला. उसाच्या नावाने रुजलेले धोरण धान्याच्या ताब्यात गेले आहे, आणि एकेकाळी मका निर्यात करणारा देश २०२४ मध्ये मक्याचा आयातदार झाला.

या संदर्भात जैवडिझेलची आठवण येणे स्वाभाविक आहे. रेल्वेच्या संशोधन, अभिकल्प व मानक संघटनेचे मुख्यालय लखनौच्या मानकनगरात आहे, आणि २००२ च्या अखेरीस रेल्वेने अमृतसर शताब्दीवर जैवडिझेलमिश्रित इंधनाची चाचणी घेतली होती. मोगली एरंडाचे, म्हणजे जट्रोफाचे, मळे पडीक जमिनीवर उभे राहतील व देश डिझेलबाबत स्वावलंबी होईल, अशी तेव्हाची स्वप्ने होती. इंधन म्हणून त्या तेलात फारसा दोष नव्हता. पडीक जमिनीवर झाड जगले, पण बी धरेना. आणि बी धरावे इतके पाणी व खत दिले, तर तीच जमीन शेतकरी अन्नधान्याला वापरणार. २००९ च्या धोरणातील २०१७ पर्यंत वीस टक्क्यांचे उद्दिष्ट डिझेलच्या बाबतीत कागदावरच राहिले. इथेनॉल टिकले ते त्याच्यामागे उभ्या असलेल्या कारखान्यांमुळे.

राहता राहिला पंपावरचा ग्राहक. जुलै २०२५ अखेर तेल कंपन्यांना इथेनॉलचा लिटर वाहतूक व जीएसटी धरून सरासरी ७१.३२ रुपयांना पडत होता, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्टमध्ये सांगितले. तो शुद्धीकरण केलेल्या पेट्रोलच्या खर्चाहून अधिक आहे, हेही त्याच निवेदनात होते. उष्णतेच्या हिशेबाने पाहिले तर एका लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा इथेनॉलमधून मिळविण्यासाठी सुमारे १०८ रुपये मोजावे लागतात. त्या वेळी लखनौच्या पंपावर सगळे कर धरून पेट्रोल सुमारे ९५ रुपये होते. ऑक्टेनचे श्रेय यातून वजा केले पाहिजे हे खरे. तरीही उरणारी रक्कम लहान नाही. आयात तेलावरचे १ लाख ४४ हजार कोटींहून अधिक परकीय चलन २०१४-१५ पासून वाचले, असा सरकारचा दावा आहे. तो मान्य केला तरी ती बचत देशाच्या खात्यावर जमा होते आणि तूट स्कूटरवाल्याच्या खिशातून वजा होते. राज्याला तर येथेही लाभच : तीच गाडी तेवढ्याच अंतरासाठी तीन टक्के अधिक इंधन पिऊ लागली, की पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर तेवढाच वाढीव मिळतो. इथेनॉलवर शुल्क बसविण्याची घाई काही राज्यांनी केली आणि उत्तर प्रदेशाला तेवढी निकड भासली नाही, यामागे हेही एक कारण असावे.

ब्राझीलमध्ये १९७५ पासून हा कार्यक्रम चालू आहे आणि १ ऑगस्ट २०२५ पासून तेथील पेट्रोलमध्ये तीस टक्के इथेनॉल आहे. पण तेथे निव्वळ इथेनॉलही पंपावर स्वतंत्र भावाने मिळते, आणि दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाडीचा मालक भावफलक पाहून गणित करतो : इथेनॉल पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांहून स्वस्त असेल तर ते भरायचे, नसेल तर नाही. सत्तर टक्के हा आकडा कोणा मंत्र्याने ठरविलेला नाही. तो उष्णतेच्या प्रमाणातून आला आहे. आपल्याकडे नितीन गडकरी अशा गाड्यांचा पुरस्कार गेली अनेक वर्षे करीत आहेत आणि २०२३ मध्ये त्यांनी दिल्लीत तशा एका मोटारीचा नमुना सादरही केला. इंधनाचा निराळा भाव मात्र सर्वत्र फलकावर आलेला नाही. जुन्या गाड्यांसाठी इथेनॉलविरहित पेट्रोल उपलब्ध ठेवावे, ही याचिका सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. सरकारने तिला विरोध करताना ऊस उत्पादकांच्या हिताचा दाखला दिला होता. त्या वर्षीच्या पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलपैकी निम्म्याहून अधिक धान्यापासून आलेले होते.